पाऊस ओसरला, आता कुंड्यांना कंपोस्टचा चहा

चार महिन्यांच्या पावसात गच्चीवरच्या कुंड्यांच्या भोकांतून किती पाणी वाहून गेलं, याचा हिशेब आपण ठेवत नाही. त्या पाण्याबरोबर मातीतलं नत्रही गेलं. म्हणून सप्टेंबर संपताना पुण्यातल्या गच्च्या-बाल्कन्यांत सगळीकडे तेच दिसतं. माती दोन बोटं खाली बसलेली, वरचा थर आवळलेला, खालची पानं पिवळी. त्यात लगेच ऑक्टोबरचं ऊन. मेथी-पालक पेरायचा, टोमॅटो-वांग्याची रोपं लावायची आणि गुलाब छाटायचा तोही याच दिवसांत.

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो. घरात भरपूर कंपोस्ट असेल तर ते सरळ कुंडीत घाला, माती हलवा, पाणी द्या. चहाची, म्हणजे कंपोस्ट पाण्यात भिजवून काढलेल्या अर्काची (कंपोस्ट टी), गरज नाही. चाळीस कुंड्या आणि खत मात्र एक घमेलं, अशी वेळ असेल तेव्हा हा चहा खरा कामाचा. यात खताची ताकद कमीच असते. आपण मुख्यतः कंपोस्टमधले जिवाणू, बुरशी आणि थोडी विरघळलेली अन्नद्रव्यं पाण्यात उतरवून सगळीकडे पोचवतो.

म्हणजे सगळी मदार कंपोस्टवर. ते पूर्ण मुरलेलं हवं: काळपट, भुसभुशीत, पहिल्या पावसाच्या मातीसारख्या वासाचं. शंका असेल तर मूठभर ओलसर कंपोस्ट प्लॅस्टिकच्या पिशवीत तीन दिवस बांधून ठेवा. उघडल्यावर आंबूस किंवा नाकाला झोंबणारा वास आला तर ते अजून कच्चं आहे, महिनाभर थांबा. चांगलं गांडूळखतही चालतं. ताजं शेण घालू नका.

इथे बहुतेक जण एक चूक करतात आणि मीही केली आहे. कंपोस्टच्या डब्याखाली जमणारं काळं पाणी म्हणजे कंपोस्ट टी नव्हे. ते अर्धवट कुजलेल्या ओल्या कचऱ्याचं पाणी. मी ते मिरचीच्या कोवळ्या रोपांना दिलं आणि दोन दिवसांत रोपांनी माना टाकल्या. ते पाणी परत डब्यातल्या सुक्या पाल्यावरच ओता.

आता कृती. पंधरा लिटरची बादली घ्या. नळाच्या पाण्यात क्लोरीन असतं आणि जे जिवाणू वाढवायचे त्यांनाच ते मारतं. म्हणून दहा लिटर पाणी आदल्या दिवशी भरून उघडं ठेवा. साठवलेलं पावसाचं स्वच्छ पाणी असेल तर उत्तमच. अर्धा ते एक किलो कंपोस्ट जुन्या सुती कापडात सैल बांधून पाण्यात सोडा. सुपारीएवढा गूळ विरघळवून घाला, त्याहून जास्त नको. गूळ वाढला की जिवाणू झपाट्याने वाढतात, पाण्यातला प्राणवायू संपवतात आणि मग बादली नासते.

माशांच्या टाकीचा हवेचा पंप इथे सगळ्यात महत्त्वाचा. त्याची नळी आणि तिच्या टोकाचा बुडबुडे सोडणारा दगड बादलीच्या तळाशी जाऊ द्या, पण पंप पाण्याच्या पातळीच्या वर ठेवा, नाहीतर वीज गेल्यावर नळीतून पाणी उलटं पंपात शिरतं. बुडबुडे सतत यायला हवेत. ऑक्टोबरच्या उकाड्यात चोवीस तास पुरतात. डिसेंबरच्या थंडीत छत्तीस लागतील. बादली सावलीत ठेवा. देखभालीसाठी गुरुवारी वीज जाणाऱ्या भागात राहत असाल तर बुधवारी हे काम काढू नका. पंप दोन-तीन तास बंद राहिला आणि वास बदलला, तर ते पाणी झाडांना न देता कंपोस्टच्या ढिगावर ओता. वासाची परीक्षा सोपी आहे: मातीचा वास आला तर द्यायचं, गटाराचा आला तर नाही.

पंप काढल्यापासून चार-पाच तासांत चहा वापरून संपवा. बाटलीत भरून ठेवण्याची ही वस्तू नाही. पंप नसेल तर दिवसातून चार-पाच वेळा काठीने जोरात ढवळून करता येतो, पण मग तो फक्त मातीतच द्या.

मातीत देताना एका भागाला चार भाग पाणी. माती आधी ओली करा, मग बारा इंची कुंडीला अर्धा लिटर, पंधरा दिवसांतून एकदा. गुलाब छाटल्यावर आठ-दहा दिवसांनी लाल कोंब दिसू लागले की द्या. पानांवर फवारायचं असेल तर दोनदा गाळा, तितकंच पाणी मिसळा आणि ऊन उतरल्यावर फवारा.

पण जे पान किंवा फळ कच्चं तोंडात जातं, त्यावर फवारणी नको. गुळावर वाढणाऱ्या जिवाणूंत पोट बिघडवणारेही असू शकतात. कोथिंबीर, पुदिना, सॅलडची पानं आणि तुळस (तिचं पान आपण येता-जाता तोडून खातो) यांच्यावर अजिबात नाही. मेथी-पालकासाठी पेरणीच्या आठवडाभर आधी मातीत द्या, तेवढं पुरे. टोमॅटोला फळ धरलं की फवारणी बंद.

थंडीत गुलाबावर भुरी (पानांवर पांढरी पूड धरणारा बुरशीचा रोग) येते, तेव्हा हाच चहा रामबाण म्हणून सांगितला जातो. तसं मी सांगणार नाही. प्रयोगांत कुठे फायदा दिसला, कुठे दिसला नाही. भुरीची पानं काढून टाका, झाडांत हवा खेळू द्या. पिठ्या ढेकणावर (कापसासारखी दिसणारी पांढरी कीड) तर याचा भरवसा धरूच नका, तो ओल्या बोळ्याने पुसूनच काढावा लागतो.

काम झालं की नळी, दगड, बादली त्याच दिवशी घासून उन्हात वाळवा. आत बुळबुळीत थर राहिला तर पुढचा चहा त्यातूनच नासतो. कापडातला चोथा कुंडीत वर पसरा, वर सुका पाला अंथरा.