बालमृत्यू कमी करण्यासाठी गावच्या नोंदी कशा वापराव्यात

प्राथमिक आरोग्य केंद्राच्या क्षेत्रातील बालमृत्यू कमी करायचे असतील, तर आधी नोंदवही पूर्ण करावी. आशा, अंगणवाडी सेविका आणि दाई यांच्याकडील जन्म, उपजत मृत्यू व बालमृत्यूंच्या नोंदी एकमेकींशी ताडून पाहाव्यात. पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी आलेल्या मुलीचे बाळ बहुधा इथेच निसटते: माहेरी ती सासरची धरली जाते, सासरी बाळंतपणाची खबर उशिरा पोहोचते आणि बाळ आठवडाभरात दगावले तर दोन्ही गावांच्या वह्यांत त्याचा उल्लेखही राहत नाही. मृत्यू नोंदवणाऱ्या आशालाच जाब विचारला जात असेल, तर ती नोंद टाळणार, हेही अधिकाऱ्यांनी ध्यानात ठेवावे.

प्रत्येक मृत्यूपुढे पाडा, जन्मवजन आणि वय दिवसांत लिहावे, कारण पहिल्या २८ दिवसांतील मृत्यूंची कारणे नंतरच्या मृत्यूंहून वेगळी असतात. वर्षाला २५ जन्म होणाऱ्या गावात एका मृत्यूनेही मृत्यूदर हजारी ४० होतो आणि पुढच्या वर्षी तो शून्यावर येऊ शकतो. म्हणून निदान तीन वर्षांच्या नोंदी एकत्र करूनच पाड्यांची तुलना करावी.

गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने नोंदींचाच आधार घेतला. ३९ गावांतील प्रशिक्षित स्त्रियांनी घरी जाऊन नवजात बाळांची काळजी घेतली, जंतुसंसर्गावर उपचार केले; १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, तुलनेसाठी घेतलेल्या गावांच्या मानाने तिथला नवजात मृत्यूदर सुमारे ६२ टक्क्यांनी घटला.

दवाखान्यात जन्मलेल्या बाळाकडे आशाने ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी जायचेच असते. त्याखेरीज दोन किलोहून कमी वजनाच्या किंवा मुदतीपूर्वी जन्मलेल्या बाळांची वेगळी यादी करून त्यांना जादा भेटी द्याव्यात. बाळ शांत असताना श्वास पूर्ण मिनिटभर मोजावा. ६० किंवा अधिक भरल्यास पुन्हा मोजावा. तेवढाच आला, छाती आत ओढली जात असली, अंग गार लागले किंवा ‘कालपासून अंगावर पीतच नाही’ असे आई म्हणाली, तर त्याच वेळी रुग्णालयात पाठवावे. पावसाळ्यात वाट बंद होणाऱ्या पाड्यांसाठी वाहनाची सोय जूनपूर्वीच ठरवावी.

दर सहा महिन्यांनी दुसऱ्या गावच्या कार्यकर्त्याकडून घरोघर फेरमोजणी करून घ्यावी. पहिल्या वर्षी मृत्यूंचा आकडा वाढलेला दिसला, तर पूर्वी सुटलेले मृत्यू आता नोंदले जात आहेत का, हे आधी तपासावे आणि तो आकडा वरिष्ठांकडे जसाच्या तसा पाठवावा.