वारीचे फोटो: काय धूसर ठेवायचं आणि किती

वारीच्या फोटोत धूसरपणा दोन वाटांनी येतो. ॲपर्चर, म्हणजे लेन्समधलं प्रकाश आत घेणारं भोक, मोठं उघडलं की फोकसच्या पुढचं-मागचं धूसर होतं. शटर, म्हणजे प्रकाश किती वेळ आत येणार ते ठरवणारा पडदा, सावकाश केलं की जे हलतंय ते धूसर होतं. दोन्ही एकाच फोटोत भरपूर वापरलं तर हाती नुसता रंगांचा लगदा येतो. म्हणून कॅमेरा डोळ्याला लावण्याआधी ठरवा: हा फोटो माणसाचा की चालण्याचा?

माणसाचा असेल तर मोड डायल ‘ए’ किंवा ‘एव्ही’वर ठेवा. म्हणजे ॲपर्चर तुमच्या हातात राहतं आणि शटरचं कॅमेरा बघतो. एफचा आकडा जितका लहान तितकं ॲपर्चर मोठं आणि मागचं जास्त धूसर. समजा डोक्यावर तुळशीवृंदावन घेतलेल्या मावशी समोर दोन मीटरवर आहेत. फुलफ्रेम (मोठ्या सेन्सरचा) कॅमेरा, ५० मिमीची लेन्स आणि एफ/१.८ असेल तर शार्प पट्टा जेमतेम १७ सेंटिमीटरचा मिळतो. एक मीटरवर गेलात तर तो चार सेंटिमीटरवर येतो. डोळे शार्प, पण कान गेला आणि तुळशीची पानंही गेली. माझ्या मते इथे एफ/४ उत्तम. फोकस जवळच्या डोळ्यावर ठेवा. मागच्या पताका धूसर होतील, पण पताका आहेत हे कळेल. ते कळायलाच हवं, नाहीतर तो फोटो कुठल्याही रस्त्यावरचा होतो.

दिवे घाटात नेमकं उलट करा. तिथे वळणावळणाने चढणारी सगळी दिंडी हवी असते. २४ मिमीची लेन्स, एफ/८, फोकस अडीच मीटरवर. एवढ्यात सव्वा मीटरवरच्या टाळापासून थेट वरच्या वळणापर्यंत सगळं शार्प येतं. एफ/२२ पर्यंत जायची गरज नाही, तिथे उलट बारकावे मऊ पडतात.

चालण्याचा असेल तर डायल ‘एस’ किंवा ‘टीव्ही’वर न्या, म्हणजे शटर तुमच्या हातात राहतं, आणि आयएसओ (सेन्सरची प्रकाशाला संवेदनशीलता) १०० ठेवा. आषाढातलं आभाळ इथे मदतीला येतं. कडक उन्हात एफ/१६ ला साधारण १/१०० सेकंदाचं शटर मिळतं, भरून आलेल्या आभाळाखाली त्याच एफ/१६ ला १/२५. चालणारे पाय धूसर करायला तेवढं पुरतं. त्याहून सावकाश हवं तर आठपट प्रकाश अडवणारा एनडी फिल्टर लावा. त्याने ढगाळ उजेडात एफ/११ ला १/६ पर्यंत जाता येतं. मग विजेच्या खांबाला पाठ टेकून उभे राहा आणि थांबलेला एखादा वारकरी शोधा. त्याच्यावर फोकस ठेवून सलग पाच-सहा फोटो घ्या. एखाद्यात तो स्थिर आणि आजूबाजूची दिंडी वाहती असं जमून येतं.

सगळ्यात अवघड आणि सगळ्यात देखणं म्हणजे रिंगण. माउलींच्या पालखीचं पहिलं उभं रिंगण चांदोबाच्या लिंबाला होतं. दोन्ही बाजूंना वारकरी आणि मधून दोन अश्व धावतात, एकावर जरीपटका घेतलेला स्वार, दुसरा माउलींचा, पाठ मोकळी. इथे पॅनिंग करा, म्हणजे धावत्या घोड्याबरोबर कॅमेरा फिरवत फोटो घ्या:

१. शटर १/६० ठेवा. हात बसला की १/३० करून बघा. घोडा वर-खाली उसळत धावतो, त्यामुळे १/३० ला बरेच फोटो वाया जातात. ते धरूनच चाला.

२. फोकस कंटिन्युअसवर (हलत्या गोष्टीवर सतत जुळत राहणारा) आणि लेन्सला पॅनिंगचा वेगळा स्टॅबिलायझर मोड असेल तर त्यावर ठेवा.

३. पाय जिथे घोडा अगदी समोर येणार त्या दिशेला रोवा, मग कमरेतून मागे वळा. घोडा दिसताच त्याचं डोकं फोकस पॉइंटखाली धरा आणि त्याच्याबरोबर कंबर फिरवत या.

४. समोर आला की बटण अलगद दाबा, पण फिरणं थांबवू नका. बहुतेक फोटो बिघडतात ते इथेच, बटण दाबताना हात अडखळला की.

डोकं शार्प, खूर धूसर, मागची गर्दी आडव्या रेघांत विरलेली, असा फोटो आला की पॅनिंग साधलं. कॅमेऱ्याच्या स्क्रीनवर मोठं करून घोड्याचा डोळा तपासा, लहान चित्रात सगळंच शार्प वाटतं. फोटोसाठी अश्वांच्या वाटेत शिरू नका आणि फ्लॅश कधीही मारू नका, जनावर बिथरतं.

मोबाइल असेल तर प्रो मोडमध्ये शटर बदलता येतं, पॅनिंग त्यावरही जमतं. ॲपर्चर मात्र बहुतेक फोनमध्ये ठरलेलं असतं आणि पोर्ट्रेट मोडमधली धूसरता सॉफ्टवेअर घालतं. तुळशीची बारीक पानं आणि वीणेच्या तारा तो मोड हमखास खातो. त्यांचे फोटो साध्या मोडमध्येच, जवळ जाऊन काढा.