चॉकलेटचं सलामी: कापताना तुकडे पडू नयेत म्हणून

इटलीत नाताळ आणि ईस्टरला घरोघरी होणारा हा गोड पदार्थ. सलामी म्हणजे खरं तर मांसाचं जाड सॉसेज, पण नावात सलामी असलं तरी इथे मांसाचा संबंध नाही. कापल्यावर बिस्किटाचे फिकट ठिपके सलामीतल्या चरबीसारखे दिसतात, म्हणून हे नाव. ओव्हन लागत नाही.

२०० ग्रॅम डार्क चॉकलेट, १०० ग्रॅम लोणी आणि ४ मोठे चमचे दूध एकत्रच डबल बॉयलरवर, म्हणजे गरम पाण्याच्या भांड्यावर दुसरं भांडं ठेवून, वितळवा. भांड्याचा तळ खालच्या पाण्याला टेकू देऊ नका. पारंपरिक कृतीत कच्चं अंडं असतं. मी ते घालत नाही, दुधाने काम भागतं.

खरी मेख बिस्किटांत आहे. २०० ग्रॅम मारी बिस्किटं हातानेच मोडा, मिक्सरला लावू नका. तुकडे साधारण नखाएवढे हवेत. मग ते चाळणीत हलवून भुगा काढून टाका, कारण भुगा चॉकलेट शोषून घेतो आणि रोल कोरडा होऊन सुरीखाली फुटतो. उरलेले तुकडे वितळलेल्या चॉकलेटमध्ये मिसळा, मूठभर भाजलेले हेझलनट किंवा बदामही घाला.

मिश्रण कोमट झालं की बटर पेपरवर घट्ट वळा, टोकं चॉकलेटच्या कागदासारखी पिळा आणि किमान ४ तास फ्रिजमध्ये ठेवा. तासाभराने एकदा बाहेर काढून पुन्हा गोल फिरवा, नाहीतर खालची बाजू चपटी बसते.

वरून पिठीसाखर चोळा, सुतळी बांधा. कापायच्या आधी १० मिनिटं बाहेर ठेवा आणि सुरी गरम पाण्यात बुडवून, पुसून मगच चालवा.