पोच खरी हवी : फाईल सर्व्हरचा वेग वाढवताना डेटा कसा सांभाळावा

वळवाच्या पावसात लाईट जाते, त्याचं कोकणात कुणाला नवल नाही. मे महिन्यातल्या एका संध्याकाळी रत्नागिरीतल्या आमच्या फोटो स्टुडिओत ती गेली, तेव्हा लग्नाचे फोटो सर्व्हरवर कॉपी होऊन दहा-पंधरा सेकंद झाले होते. कॉपी पूर्ण झाली असं संगणकाने सांगितलं म्हणून कॅमेऱ्याचं कार्ड लगेच फॉरमॅट झालं. दुसऱ्या दिवशी लाईट आली. फोल्डरमध्ये सगळ्या फाईलींची नावं होती, पण शेवटच्या दीडशे फाईलींचा आकार शून्य होता. तोवर त्याच कार्डावर दुसऱ्या घरचं रिसेप्शन शूट झालं होतं. मुलीच्या वडिलांना हे सांगायला मी गेलो.

सर्व्हर फार हळू चालतो म्हणून त्याच्या सेटिंगमधला एक शब्द मीच बदलला होता : ‘सिंक’च्या जागी ‘असिंक’.

या दोन शब्दांत फरक आहे तो पोच देण्याचा. आंब्याच्या पेट्या वखारीत रचून झाल्यावर पोच देणं म्हणजे सिंक. पेट्या अजून अंगणात असतानाच सही करून टेम्पो परत पाठवणं म्हणजे असिंक. टेम्पो झटपट सुटतो, पण मधे पाऊस आला तर पेट्या भिजतात आणि पाठवणाऱ्याला त्याचा पत्ताही नसतो. सर्व्हरचं अंगण म्हणजे त्याची मेमरी. लिनक्समध्ये (सर्व्हर चालवणाऱ्या मोफत प्रणालीत) मूळ सेटिंगप्रमाणे नवा डेटा साधारण ३० सेकंद तिथे पडून राहू शकतो.

आता कामाचं. ही पद्धत एनएफएस, म्हणजे नेटवर्कवरून फोल्डर वाटून वापरण्याची सोय, चालवणाऱ्या लिनक्स सर्व्हरसाठी आहे.

पहिली पायरी : आहे ते बघा

सर्व्हरवर ‘एक्सपोर्टएफएस’ ही आज्ञा ‘व्ही’ पर्याय लावून चालवा. प्रत्येक फोल्डरपुढे सिंक की असिंक ते दिसेल. गेली कित्येक वर्षं सिंक हेच मूळ सेटिंग असतं, त्यामुळे असिंक दिसलं तर ते कुणीतरी मुद्दाम लिहिलेलं आहे. कुणी आणि का, ते विचारून घ्या.

दुसरी पायरी : हळू नेमकं काय आहे ते मोजा

एक मोठी व्हिडिओ फाईल कॉपी करा आणि दोन हजार लहान फाईलींचं एक फोल्डर कॉपी करा. दोन्हींचे वेळ वेगवेगळे लिहून ठेवा. १९९५ मध्ये आलेल्या एनएफएसच्या तिसऱ्या आवृत्तीपासून मोठ्या फाईलीला सिंकचा फारसा त्रास होत नाही. डेटा भराभर जातो आणि ‘आता डिस्कवर लिहून टाक’ असं शेवटी एकदा सांगितलं जातं. तोवर पाठवणारा संगणक आपली प्रत टाकून देत नाही. मधेच सर्व्हर बंद पडून पुन्हा उठला तर पाठवणारा संगणक राहिलेलं पुन्हा पाठवतो. असिंकमध्ये नेमकी हीच सोय मोडते, कारण पोच खोटी मिळालेली असते.

लहान फाईलींचं मात्र दुखणं खरं आहे. मिनिटाला ७२०० फेऱ्यांची डिस्क सेकंदाला १२० वेळा फिरते. प्रत्येक फाईलीला दोनदा जरी डिस्कसाठी थांबावं लागलं, तरी दोन हजार फाईलींना अर्ध्या मिनिटाहून जास्त वेळ जातो.

मोठी फाईलसुद्धा सेकंदाला ११-१२ मेगाबाइटच्या वर जात नसेल, तर सिंकला दोष देऊ नका. आधी केबल बघा. आपल्याकडच्या खाऱ्या हवेत जोडाच्या पिना हिरव्या पडतात. गिगाबिटला तारांच्या चारही जोड्या लागतात. एक जरी बिघडली तरी जोडणी १०० मेगाबिटवर उतरू शकते. जोडणीचा वेग दाखवणाऱ्या ‘इथटूल’ या आज्ञेने ते लगेच कळतं. आमच्या स्टुडिओत एक जोड बदलल्यावर निम्मी तक्रार तिथेच मिटली. तो शब्द बदलण्याआधी मी केबल तपासायला हवी होती.

तिसरी पायरी : फोल्डर वेगळे करा

जे पुन्हा तयार करता येतं, म्हणजे छोटे प्रीव्ह्यू किंवा व्हिडिओ एडिटिंगच्या तात्पुरत्या फाईली, ते एका फोल्डरात ठेवा. फक्त त्यालाच असिंक द्या. मूळ फोटो, बिलं, ग्राहकांची कागदपत्रं यांना सिंकच हवं. सर्व्हरवरच्या ‘एक्सपोर्ट्स’ या सेटिंगच्या फाईलीत तसं लिहून ‘एक्सपोर्टएफएस’ या वेळी ‘आरए’ पर्याय लावून चालवा.

चौथी पायरी : वेग विकत घ्या

सिंक ठेवूनही वेग मिळतो, पण त्यासाठी पैसे मोजावे लागतात. वीज गेल्यावर हातातलं लिहून पूर्ण करायला आत कपॅसिटर असलेली एसएसडी घ्या. दुकानात ‘पॉवर लॉस प्रोटेक्शन’ असं विचारा. घरगुती एसएसडीत ते बहुधा नसतं. डिस्कवर फाईली मांडायची झेडएफएस ही पद्धत वापरत असाल तर अशी एक छोटी एसएसडी लॉगसाठी, म्हणजे आलेला डेटा आधी झटपट नोंदवून ठेवायला, लावली की पुरते. गिगाबिट जोडणीला त्यातले दोन-चार जीबीसुद्धा भरपूर होतात. पण झेडएफएसमध्ये सिंक ‘डिसेबल्ड’ करू नका, तीही खोटी पोचच आहे.

पाचवी पायरी : यूपीएस

‘आमच्याकडे इन्व्हर्टर आहे की!’ हे मी फार ऐकतो. इन्व्हर्टर सर्व्हरला सांगत नाही की बॅटरी संपत आली, आता बंद हो. यूएसबी केबलने सर्व्हरला जोडता येणारा यूपीएस घ्या आणि ‘नट’ हे मोफत सॉफ्टवेअर बसवा. बॅटरी उतरली की ते सर्व्हर नीट बंद करतं. मग पावसाळ्याआधी भिंतीवरचं बटण बंद करून खरंच बंद होतो का ते पाहा. यूपीएस आहे म्हणून महत्त्वाच्या फोल्डरला असिंक देऊ नका, कारण सर्व्हर नुसता अडकला किंवा त्याचा वीजपुरवठ्याचा डबा जळला तर यूपीएस काही करू शकत नाही.

बाकीच्या संगणकांवर सर्व्हरचं फोल्डर ‘हार्ड’ पद्धतीने जोडा, म्हणजे सर्व्हर परत येईपर्यंत संगणक वाट पाहत राहतो. ‘सॉफ्ट’ असेल तर सर्व्हरची थोडा वेळ वाट पाहून संगणक लिहिणं सोडून देतो आणि फाईल अर्धवट राहते.

आमच्याकडे आता मूळ फोटोंचं फोल्डर सिंकवर आहे. रात्री दुसऱ्या डिस्कवर बॅकअप होतो. सकाळी दोन्हीकडच्या फाईलींचे चेकसम (फाईलीतल्या मजकुरावरून काढलेले पडताळणीचे आकडे) जुळले, तरच कार्ड फॉरमॅट होतं. त्यासाठी चार कार्डं जास्तीची घ्यावी लागली.