गंगापूरच्या फुगवट्यावर बोट लिफ्ट बसवण्याआधी

आधी पाणी मोजा, मग बोट पाण्याबाहेर उचलून ठेवणाऱ्या लिफ्टचा भाव विचारा. नाशिकजवळच्या गंगापूर धरणाच्या फुगवट्याकाठी ज्यांचं घर आहे, त्यांना मी सगळ्यात आधी हेच सांगतो. फ्लोरिडातल्या कालव्याकाठच्या घरांचे व्हिडिओ बघून लोक चार खांबांची लिफ्ट मागतात. तिथे भरती-ओहोटीचा फरक काही फुटांचाच असतो. इथे भाद्रपदात तुडुंब असलेलं पाणी वैशाखात कित्येक मीटर खाली गेलेलं असतं. शहराचं पिण्याचं पाणी इथूनच, शेतीची आवर्तनं इथूनच, आणि खालच्या जायकवाडी धरणासाठी पाणी सोडायचं ठरलं की ऐन दिवाळीतही पातळी उतरते. मग खांबांवरची लिफ्ट कोरड्या गाळात उभी राहते. म्हणून इथे दोनच प्रकार मला पटतात: हवेच्या टाक्यांवर तरंगणारी लिफ्ट, नाहीतर काठाच्या उतारावर रूळ, त्यावर ट्रॉली आणि वर विंच, म्हणजे तार गुंडाळून ट्रॉली ओढणारं यंत्र.

धरण भरलेलं असताना पाणी कुठवर येतं तिथे खुंटी ठोका, मे महिन्यात कुठे जातं तिथे दुसरी. दोन्हींमधलं अंतर आणि उतार वहीत लिहा. वर्षभर बोट हवी की फक्त दिवाळीपर्यंत, हे या दोन खुंट्या बघूनच ठरवा. रुळाचं आणि पायाचं काम एप्रिल-मे मध्येच, जमीन उघडी असताना उरकायचं. मृग लागायच्या आत काँक्रीट मुरलेलं हवं. पाया काळ्या मातीत टाकू नका. ती पावसात फुगते, उन्हात भेगाळते, आणि रूळ वाकडे होतात. मुरूम किंवा कातळ लागेपर्यंत खोदा. विंचचा पाया पूर्ण संचय पातळीच्या, म्हणजे धरण पूर्ण भरल्यावरच्या पाण्याच्या, चांगला वर घ्या. पाण्याखाली जाणारी जमीन धरणाची असते, तेव्हा जलसंपदा विभागाची लेखी परवानगी हातात आल्याशिवाय कुदळ मारायची नाही. इंजिनाच्या बोटीला अंतर्देशीय जलयान अधिनियम २०२१ प्रमाणे नोंदणी लागते, ते कागदही काढून ठेवा.

आता वजन. बोटीच्या पुस्तिकेत बहुतेक वेळा रिकाम्या सांगाड्याचं वजन असतं. त्यात इंजिन, बॅटरी, नांगर, सामान मिळवा. १०० लिटर पेट्रोलचे साधारण ७५ किलो धरा. आलेल्या बेरजेवर निदान पाव हिस्सा जास्त क्षमतेची लिफ्ट घ्या. याहून मोठा धोका पावसाच्या पाण्याचा. बोटीचा उघडा भाग १० चौरस मीटर असेल आणि १०० मिलिमीटर पाऊस आत साचला, तर ते पाणी १,००० किलो भरतं. त्र्यंबकच्या बाजूने सर आली की तेवढा पाऊस एका दिवसात होतो. त्यामुळे बोट पाण्याबाहेर घेतली की तळाचं बूच काढायचं, आणि खाली सोडण्याआधी न विसरता लावायचं. बूच स्विचशेजारच्याच खुंटीला अडकवा, म्हणजे बटण दाबताना ते समोर दिसेल.

दुरुस्तीला जाताना चेनकुप्पी, बेल्ट, डी-शॅकल, ग्रीस गन, पाणसळ, चामडी हातमोजे आणि लाइफ जॅकेट गाडीत आधी चढवा. लाकडी ओंडके तर हवेतच. उचललेल्या बोटीखाली कुणीही शिरायचं नाही, मी म्हणजे मीसुद्धा नाही. बोट आधी पाण्यात उतरवा, पाणी नसेल तर ओंडक्यांवर नीट टेकवा, मगच तार सैल करा. तार तपासताना उघडा हात फिरवू नका, तुटलेला धागा सुईसारखा आत घुसतो. चिंधी फिरवा, ती जिथे अडकेल तिथे धागे तुटलेत. गंज पुलीपाशी आणि तार बांधलेल्या टोकापाशी आधी धरतो, तिथे बॅटरीच्या उजेडात बघा. एक तार गेली तर जोडीची दुसरीही बदला, त्याच जाडीची आणि त्याच विणीची. तारेचं टोक आवळायची क्लिप लावताना पट्टीची बाजू भार घेणाऱ्या तारेवर आणि यू-बोल्ट मोकळ्या टोकावर येतो. उलटं झालं तर भार घेणारी तारच चेपते. लिफ्ट अगदी खाली असतानाही तार गुंडाळायच्या ड्रमवर निदान तीन वेढे उरले पाहिजेत. पुलीची खाच खरवडलेली असेल तर नवी तार घालून पैसे वाया घालवू नका, आधी पुली बदला.

विजेशी तडजोड नको. पाण्याशेजारच्या मोटरला ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळताच पुरवठा तोडणारा स्विच) आणि स्वतंत्र अर्थिंग हवंच, कारण त्याच पाण्यात घरातली पोरं पोहतात. काम करताना मेन स्विच पाडून त्याला कुलूप लावा आणि किल्ली खिशात ठेवा.

चाचणी बोट ठेवायच्या रिकाम्या पाळण्यापासून करा, वरपासून खालपर्यंत. लिमिट स्विच दोन्ही टोकांना मोटर थांबवतो ना, ते डोळ्यांनी बघा. मग बोट घेऊन वीतभरच उचला, थांबा, चारही कोपऱ्यांना पाणसळ लावा, गिअरबॉक्सचा आवाज ऐका. तासाभरात बोट खाली सरकली नाही, तरच पुढे.

पावसाळ्यात वीज जातेच, आणि धरण भरत आलं की पाणी रात्रीतूनही चढतं. पट्ट्यांनी आवळलेली बोट तेव्हा तरंगू शकत नाही, जागीच बुडते. म्हणून हाताने फिरवायचं हँडल ग्रीस लावून तयार ठेवा. मालक मुंबईला राहत असतील तर रखवालदाराला ते कुठे टांगलंय हे नुसतं सांगून भागत नाही. मेन स्विच पाडून, त्याच्याच हातून एकदा बोट ट्रॉलीसकट वरच्या खुंटीपलीकडे ओढून घ्या.