टॉवरला निघताय? आधी पासपोर्ट

पासपोर्ट. सगळ्यांचे. भारतातून आलेल्या आई-बाबांचे, अगदी तान्ह्या बाळाचाही. थाउजंड आयलंड्स टॉवर, सेंट लॉरेन्स नदीतली बेटं उंचावरून दाखवणारा मनोरा, कॅनडातच आहे, हिल आयलंडवर. तिथे जायला सीमा ओलांडावी लागत नाही, म्हणून तर पासपोर्ट कपाटात राहतात. मागच्या खेपेला आमचेही राहिले. पण 401 महामार्गावरून 661 च्या एक्झिटला उतरलात की 137 नंबरचा रस्ता सरळ अमेरिकेकडे जातो. टोल भरा, पूल चढा आणि उतार लागल्याबरोबर टॉवरची पाटी शोधा. गप्पांत ती हुकली की पुढे अमेरिकेचा नाका, आणि त्या रांगेतून गाडी मागे घेता येत नाही. व्हिसा नसेल तर ते परत पाठवतात. मग कॅनडाच्या नाक्यावर पुन्हा चौकशी, आणि तिथे "पासपोर्ट घरी आहे" हे उत्तर चालत नाही. पीआर (कायमचे रहिवासी) असाल तर पीआर कार्डही घ्या. फोनमधला फोटो नको, मूळ.

टोलसाठी कार्ड आणि थोडी रोख. पाणी, टोप्या नेहमीच्याच.

फोनचं रोमिंग बंद करा. नदीपलीकडचं अमेरिकन नेटवर्क इकडे पकडतं आणि ते बिल आल्यावरच कळतं.

टॉवर 130 मीटरचा. लिफ्ट 40 सेकंदांत वर नेते. खालची गच्ची काचेची, वरच्या दोन उघड्या, तिथे जिन्याने जायचं. गुडघे दुखणाऱ्यांना आधीच सांगा. खाली उकडत असलं तरी जाकीट घ्या. ओढणीला पिन लावा, पदर खोचा. दुर्बीण हवीच: बेटं 1864 धरतात, पण वर्षभर पाण्याबाहेर राहणारा आणि झाड असलेला खडकही त्यात मोजतात. अख्खं बेट म्हणजे एक घर, दोन पाइन आणि पायरीला बांधलेली होडी, हे नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. फोटो सकाळी काढा. दुपारनंतर पश्चिमेचं पाणी नुसतं चमकतं. काचेतून काढायचे तर लेन्स काचेला टेकवा.

हिवाळ्यात बंद. पानांचे रंग बघायचे तर ऑक्टोबरचा पहिला पंधरवडा.

बोटीने बोल्ट कॅसलला, म्हणजे बेटावरच्या वाड्याला, उतरणार? ते बेट अमेरिकेत. व्हिसा लागेल, आणि हो, पासपोर्ट.

जेवण कॅनडातल्याच गॅनानॉक्वे गावात. टॉवरहून निघतानाही पाटी वाचून उत्तरेलाच वळा.

घराला कुलूप लावण्याआधी माणसं मोजा, मग पासपोर्ट मोजा.