ढगळ कपडे घाला, पण वाढत्या अंगाचे दिसू देऊ नका

जूनमध्ये शाळेचा शर्ट शिवताना टेलरला हमखास सांगितलं जायचं, "वाढत्या अंगाचा ठेवा, दोन वर्षं गेला पाहिजे." ओव्हरसाइज्ड म्हणून नेहमीपेक्षा दोन साइज मोठा शर्ट उचलला तर तोच अवतार होतो, कारण त्यात घेरासोबत गळा, उंची आणि बाहीही वाढते. मुद्दाम सैल बेतलेल्या कपड्यात घेर आणि खांदा वाढवलेला असतो, गळा मात्र मापातच राहतो.

१. आधी गळा आणि खांदा बघा. गळा लोंबला की घरातली आजी विचारणारच, "हाऊ शर्ट कोना शे?" (अहिराणीत: हा शर्ट कोणाचा आहे?) खांद्याची शिवण टोकापासून दोन-तीन बोटं खाली उतरली तर छान, पार अर्ध्या दंडावर आली तर कपडा परत ठेवा. पटत नसेल तर बाजाराच्या दिवशी एखाद्या गावकरी बाबांचा नेहरू शर्ट निरखा. अंगात घोळदार, बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या, पण गळा नीट बसलेला. त्यांना कुणी फॅशन शिकवलेली नाही!

२. कापड ऋतू बघून घ्या. मे महिन्यात जळगाव-भुसावळचा पारा 45 अंशांच्या आसपास असतो. सैल कपड्यातून वारा खेळतो, घाम वाळतो, म्हणून हा कट आपल्या उन्हाळ्याला खरं तर सोयीचाच. पण कापड सुती हवं. पॉलिस्टर घामाने पाठीला चिकटलं की ढगळपणाचा उपयोग शून्य. टी-शर्टच्या वर्णनात जीएसएम हा आकडा दिलेला असतो, म्हणजे एक चौरस मीटर कापडाचं ग्रॅममधलं वजन. 240 जीएसएमचा टी-शर्ट आकार धरून राहतो, दिसायलाही भारी; तो थंडीत घाला. उन्हाळ्यात 180च्या आसपासचा, नाहीतर सरळ मलमलचा कुर्ता.

३. सैलपणा एकाच बाजूला ठेवा. वर ढगळ शर्ट असेल तर खाली सरळ पँट. दोन्ही सैलच आवडत असतील तर शर्टाची पुढची बाजू थोडी खोचा, म्हणजे कंबर कुठे आहे ते कळतं. उंची कमी असेल तर शर्ट मांडीच्या मध्यापर्यंत जाऊ देऊ नका. पाय आखूड दिसतात.

४. बाह्या दुमडा. आधी एक रुंद घडी कोपराच्या वरपर्यंत, मग तिच्यावर अर्धी घडी. कफची कड थोडी दिसू द्या.

५. टेलरकडे जाण्याआधी कपडा भिजवा. जळगावच्या फुले मार्केटमधून आणा की धुळ्याच्या आग्रा रोडवरून, सुती कपडा पहिल्या धुण्यात आटू शकतो. उंची आधीच कमी केली तर नंतर पस्तावाल. खालची दुमड, बाहीची लांबी, पँटची कंबर ही सोपी कामं. खांदा कमी करायचा तर मुंढा, म्हणजे बाही जोडलेली शिवण, उसवावा लागतो. त्यापेक्षा दुसरा शर्ट घेतलेला बरा. वडिलांच्या कपाटातले जुने सुती शर्ट या कामाला उत्तम, कारण ते आटायचे तेवढे आधीच आटलेले असतात.

६. गाडीवर जपा. रुंद पायांची पँट घालून मोटरसायकलवर बसताना मोहरी, म्हणजे पायाची खालची कड, घोट्याशी दुमडून घ्या, नाहीतर ती चेनमध्ये अडकते किंवा सायलेन्सरला चिकटते. मागे बसणाऱ्यांनी ओढणी आणि लांब श्रग आधी मांडीखाली दाबावा, मगच गाडी सुरू करायला सांगावं.